दिवा विझला, बिघाड तसाच

जळगाव-भुसावळ महामार्गावर, नशिराबादच्या आसपास रस्त्याकडेच्या गॅरेजमध्ये एक मागणी नेहमीची झाली आहे: "भाऊ, तेवढा पिवळा दिवा घालवून द्या." मेकॅनिक स्टिअरिंगखालच्या सॉकेटला स्कॅनर जोडतो, बटण दाबतो, डॅशबोर्डवरचे इंजिनाचे चित्र विझते. गिऱ्हाईक खूश. दोन-तीन दिवसांनी दिवा पुन्हा हजर. मग निकाल लागतो, 'ऑक्सिजन सेन्सर गेला, बदलावा लागेल'. काही हजार रुपयांचा सेन्सर बसतो आणि महिन्याभरात तोच दिवा पुन्हा पेटतो.

यात दिव्याचा दोष नाही. बहुतेक बिघाडांच्या बाबतीत गाडीचा संगणक पहिल्या चुकीला गप्प राहतो; तीच चूक लागोपाठच्या दुसऱ्या फेरीतही दिसली तरच दिवा लावतो. म्हणून कोड पुसल्यावर दोन दिवस मिळतात ते उसने. शिवाय कोड पुसताना बिघाडाच्या क्षणी इंजिन किती तापले होते, किती वेगात होते, ही संगणकाने जपलेली नोंदही जाते. रुग्ण तपासण्याआधी केसपेपर फाडून टाकण्यासारखाच हा प्रकार.

ऑक्सिजन सेन्सर धुराच्या पाइपात बसतो. बॉश कंपनीचा हा सेन्सर १९७६ मध्ये व्होल्वोच्या गाड्यांत पहिल्यांदा आला. आत झिर्कोनियाची चिनी माती असते; ती सुमारे ३०० अंशांच्या वर तापली की काम करू लागते. धुरात ऑक्सिजन कमी उरला, म्हणजे पेट्रोल जास्त झाले, तर सुमारे ०.९ व्होल्ट, ऑक्सिजन जास्त उरला तर ०.१ व्होल्ट. त्यावरून संगणक पेट्रोल कमी-जास्त करतो. साध्या पेट्रोलला वजनाने सुमारे १४.७ पट हवा लागते. तो तोल सांभाळला तरच कॅटॅलिटिक कन्व्हर्टर विषारी वायू नीट निवळतो. (नव्या काही गाड्यांत वेगळ्या जातीचा सेन्सर असतो, त्याला हे व्होल्ट लागू नाहीत.)

मग 'मिश्रण पातळ आहे' असा कोड आला, तर दोषी कोण? बहुतेकदा सेन्सर खरेच बोलत असतो. इंजिनात हवा ओढणारी एखादी रबरी नळी उन्हाने तडकलेली असते; जळगावचा उन्हाळा रबराला सोडत नाही. सेन्सरच्या आधी सायलेन्सरच्या पाइपाला भेग असेल तर बाहेरची हवा आत शिरते आणि सेन्सरला खोटाच ऑक्सिजन दिसतो. इंजेक्टर तुंबलेला असतो, पंपाचा दाब कमी असतो. पेट्रोलमधील इथेनॉलचे प्रमाण आता २० टक्क्यांवर आले आहे; इथेनॉल स्वतःच ऑक्सिजन घेऊन येते, म्हणून संगणकाला थोडे जास्त पेट्रोल सोडावे लागते. धडधाकट गाडी ते निभावून नेते, पण आधीच काठावर असलेल्या जुन्या गाडीत तेवढ्यानेही दिवा लागू शकतो. कोड सेन्सरच्या हीटरचा असेल तर आधी फ्यूज आणि वायर बघावी. उभ्या गाडीत उंदीर काय करतात, हे सांगायला नको.

कोड म्हणजे लक्षण. ताप आहे एवढे कळल्यावर कोणी मलेरियाच्या गोळ्या देत नाही. चांगला मेकॅनिक आधी कोड लिहून घेतो, मग चालू इंजिनाचे आकडे पाहतो. पुढच्या सेन्सरचे व्होल्ट भराभर वर-खाली झाले पाहिजेत, कन्व्हर्टरनंतरच्या सेन्सरचे बऱ्यापैकी स्थिर. मागचा सेन्सरही पुढच्यासारखाच नाचू लागला तर संशय कन्व्हर्टरवर. एखादी व्हॅक्यूमची नळी क्षणभर काढून मिश्रण मुद्दाम पातळ केले आणि सेन्सरने लगेच दाद दिली, तर तो जिवंत आहे. मरगळून राहिला तरच बदलायचा. हे करायला अर्धा-पाऊण तास लागतो. अडचण तिथेच आहे. सुट्या भागाचे पैसे गिऱ्हाईक मुकाट्याने देते, तपासणीचे पैसे मागितले की 'नुसते बघायचे कसले पैसे?' असे विचारते. मग मेकॅनिकही सेन्सर बदलून मोकळा होतो. त्याला एकट्याला लबाड ठरवणे अन्यायाचे आहे.

खरी लबाडी वेगळी: कन्व्हर्टर कापून काढायचा, मागच्या सेन्सरखाली वायसर ठोकून संगणकाला फसवायचे. गाडी पळते, दिवाही लागत नाही. कार्बन मोनॉक्साइड, न जळलेले इंधन आणि नायट्रोजनची ऑक्साइडे मात्र थेट रस्त्यावर, शाळेतून सायकलवर घरी जाणाऱ्या मुलांच्या नाकाच्या उंचीवर. देशात १ फेब्रुवारी २००० पासून शिसेयुक्त पेट्रोल बंद झाले, त्यामागे शिशाने होणारी विषबाधा होतीच. पण शिसे कन्व्हर्टर आणि हा सेन्सर दोन्ही निकामी करते, हेही होते. इतक्या खटाटोपाने आणलेली यंत्रणा करवतीने कापून टाकली जाते, आणि त्याला 'पिकअप वाढवणे' म्हणतात.

दिवा स्थिर असेल तर गाडी जपून चालवत गॅरेज गाठता येते. तो लुकलुकत असेल तर इंजिनात ठिणगी चुकते आहे आणि कच्चे पेट्रोल तापलेल्या कन्व्हर्टरमध्ये जळते आहे. वेग कमी करून गाडी बाजूला घ्यावी. गॅरेजमध्ये मात्र कोड पुसण्याआधी तो कागदावर लिहून मागावा, सेन्सर बदलण्याआधी चालू इंजिनाचे आकडे दाखवायला सांगावेत, आणि त्या अर्ध्या-पाऊण तासाचे पैसे कुरकुर न करता द्यावेत.