मोल देणारा पाहुणा

चंद्रपुराच्या एका एकत्र कुटुंबांतून आलेला प्रश्न या महिन्यांत विचारासाठीं घेत आहें. अंचलेश्वर दरवाजाच्या आंत, झरपट नदीच्या बाजूस, त्यांचा जुना वाडा आहे. मुलें नोकरीनिमित्त परगांवीं गेलीं, माडीवरच्या खोल्या कुलुपांत पडल्या आणि कौलांची डागडुजी मात्र दरसाल चुकत नाहीं. धाकट्या सूनबाईंचें म्हणणें असें कीं, शासनाची 'न्याहारी व निवास' योजना आहे, तिच्या आधारें दोन खोल्या प्रवाशांस द्याव्या. सासूबाई म्हणतात, 'या घरांत अन्न कधीं विकलें नाहीं.' हा आक्षेप हंसण्यावारी नेण्याजोगा नाहीं.

एक रात्र राहणारा, ज्याची स्थिति नित्य नाहीं, तो अतिथि, असा अर्थ मनूनें दिला आहे. अतिथिपूजन हा पंचमहायज्ञांपैकीं एक यज्ञ, आणि यज्ञाचें मोल घ्यावयाचें नसतें. एवढ्यापुरतें सासूबाईंचें म्हणणें शास्त्रास धरूनच आहे. परंतु मोल देऊन राहणारा या अर्थानें अतिथि नव्हेच. त्याची सेवा हा यज्ञ नसून प्रामाणिक व्यवसाय आहे, व त्यास व्यवसायच म्हणावें. क्षेत्रोपाध्यायांनीं यात्रेकरूंस पिढ्यानुपिढ्या आपल्या घरीं उतरवून घेतलें व दक्षिणाहि स्वीकारली. तेणेंकरून त्यांच्या घराचें घरपण गेलें नाहीं.

प्रवाशास तेथें दाखविण्याजोगें पुष्कळ आहे. गोंडराजांच्या परकोटास जटपुरा, बिनबा, पठाणपुरा आणि अंचलेश्वर असे चार दरवाजे, शिवाय पांच खिडक्या. दरवाजांवर हत्तीस नमविणारा सिंह, हें गोंडांचें राजचिन्ह, कोरलेलें दिसतें. अंचलेश्वराच्या देवळाजवळ राजा बीरशाहाची समाधि आहे. ती राणी हिराईनें पतीच्या मागें बांधविली. महाकालीचें देऊळहि तिच्याच नांवाशीं निगडित असून, चैत्रांत मराठवाड्याकडील यात्रेकरू तेथें लोटतात व झरपटेंत स्नान करितात. २०१७ पासून 'इको-प्रो' संस्थेच्या स्वयंसेवकांनीं तटावरचीं झुडपें व माती काढण्याचें मोठें काम केलें. इतकें असूनहि ताडोबाचे बहुतेक प्रवासी वाघ पाहून शहरास न शिवतांच परततात. त्यांस एक रात्र थांबवून हें सांगणारें घर असेल, तर तो लाभ एकट्या घरधन्याचा नव्हे, शहराचाहि होय.

मात्र 'नदीकांठचें घर' म्हटलें म्हणजे प्रवासी मनांत जें चित्र रंगवितो, तें झरपटेस लागू पडत नाहीं. सांडपाणी व जलपर्णी यांनीं ती ग्रासलेली आहे. ती ज्या इरईस मिळते, त्या इरईच्या धरणाचे दरवाजे उघडले कीं सखल वस्त्यांत पाणी शिरतें. जुलै २०२२ मधील पूर विसरण्याजोगा नाहीं. मे महिन्यांत पारा ४५ अंशांपलीकडे जातो. हें सारें खोली देण्यापूर्वींच सांगावें. पाहुण्यापासून उणीव लपविणें हें अन्न विकण्याहून पुष्कळ हीन आहे.

आतां खरी मेख. पहांटे उठून धिरडीं व उकडपेंडी कोण करणार? चादरी कोण धुणार? पुरुषमंडळी ओसरीवर इतिहास सांगत बसतील आणि चुलीपाशीं सूनबाई एकटी राबेल, असें होणार असेल, तर माझा कौल सासूबाईंच्या बाजूस पडेल. म्हणून कामाची वांटणी आधीं ठरावी, मोलकरणीचा पगार हिशेबांत आधीं धरावा, आणि उत्पन्नाची वही ज्या हातानें काम होतें त्याच हातीं असावी. देवघर व सासूबाईंचें स्वयंपाकघर जसेंच्या तसें राहूं द्यावें; न्याहारी ओसरीवर वाढावी. परंतु पाहुण्याची जात विचारावयाची असेल, तर हा उद्योग आरंभूंच नये.

एवढें मान्य होत असेल, तर एका खोलीपासून, थंडीच्या दिवसांत, आरंभ करावा. आणि पहिल्या पाहुण्यास पहिलें तांब्याभर पाणी सासूबाईंनींच द्यावें. पाण्याचें मोल मात्र कधींहि लावूं नये.