राजूरला गळ टाकायचा कुठे?

पुण्याहून वणीजवळच्या राजूरला बाडबिस्तरा हलवला की गळवाल्याचा पहिला उद्योग काय? गूगलच्या नकाशावर निळे ठिपके शोधणं! माझं मत विचाराल तर त्यांच्या नादी लागू नका राव. हा कोळशाचा पट्टा. काही ठिपके म्हणजे खाणींचे पाणी भरलेले खड्डे. काठ सरळसोट, खोलीचा अंदाज नाही, पाय घसरला की संपलं.

तलाव? ते बहुतेकदा मच्छीमार सहकारी संस्थांनी ठेक्याने घेतलेले असतात. रोहू-कतल्याचं बीज त्यांनी पैसे मोजून सोडलेलं. तिथे आपला 'वीकेंडचा छंद' म्हणजे चक्क दुसऱ्याच्या शेतातली कणसं मोडणं.

मग उरते नदी. वणीची निर्गुडा, किंवा जुगादकडे वर्धा-पैनगंगेचा संगम. पण जागा भोई-ढिवरांनाच विचाराव्या लागतात. मरळ गवताच्या कडेला, वाम कपारीत, हे त्यांना तोंडपाठ (आपल्याला स्वतःचे पासवर्ड आठवत नाहीत!). पावसाळ्यात मासे अंडी घालतात, तेव्हा गळ घरीच बरा.

पहिल्या भेटीत कुणी जागा सांगणार नाही. का सांगावी? त्यांचं पोट आहे त्यावर. आधी चार रविवार त्यांच्याकडून मासे विकत घ्या, घासाघीस न करता. मग विचारून बघा.