त्यांचंही स्मरण व्हावं

अंदमानला गेलेला मराठी पर्यटक सेल्युलर जेलमध्ये सावरकरांच्या कोठडीपुढे हात जोडतो. ते योग्यच. पण १९४२ ते १९४५ या जपानी अमलात पोर्ट ब्लेअरला सैनिकांच्या वासनेसाठी परमुलखातल्या स्त्रिया आणून डांबल्या होत्या, हे त्याला कोण सांगतं?

१४ ऑगस्ट १९९१ रोजी कोरियाच्या किम हाक-सुन यांनी स्वतःच्या नावानिशी अशा छळाची साक्ष दिली. तोवर जपान सरकार हात झटकत होतं. १९९२पासून सोलमध्ये जपानी वकिलातीच्या परिसरात दर बुधवारी निदर्शनं होतात. १४ ऑगस्ट हा या स्त्रियांचा स्मृतिदिन ठरला.

ऑगस्टमधलं स्मरण आपल्या मावळाला नवं नाही: पवना जलवाहिनी आंदोलनात ९ ऑगस्ट २०११ला गोळीबारात बळी गेलेल्यांना तो विसरलेला नाही. त्याच आठवड्यातली एक संध्याकाळ लोणावळा-तळेगावच्या महिला मंडळांनी, वाचनालयांनी जपानी सैन्याने छळलेल्या या स्त्रियांसाठी राखावी. हारतुरे, पाहुण्यांची भाषणं नकोत. त्यांच्या साक्षी वाचाव्यात.