आधी पिल्लू तोला!

पनवेलमध्ये सोसायटीच्या पार्किंगमध्ये कुत्री व्यायली की दूध-बिस्किटं घालायला सगळे हजर. जंताचं औषध मात्र 'पोट फुगलं की बघू'! मला हे अजिबात पटत नाही. टॉक्सोकारा नावाचे गोल जंत पिल्लाला आईच्या पोटातच लागतात, नंतर दुधातूनही. म्हणून पहिला डोस पिल्लू दोन आठवड्यांचं झालं की, मग आठ आठवड्यांपर्यंत दर पंधरवड्याला, पुढे सहा महिन्यांपर्यंत दरमहा. एकदा देऊन भागत नाही, कारण औषधाने आतड्यातले जंत मरतात, अंगात फिरणाऱ्या अळ्या वाचतात आणि काही दिवसांत आतड्यात येऊन मोठ्या होतात. एकच पॅच टाकून प्रोजेक्ट क्लोज केल्यासारखं आहे ते.

आणि 'आपल्याच गोळीतली अर्धी दे' हे तर डोक्यात जातं. डोस वजनावर ठरतो राव! किचनमधल्या काट्यावर पिल्लू ठेवा, ग्रॅममध्ये आकडा घ्या, व्हेटला सांगा आणि त्याने दिलेलं सिरप (बहुधा पायरँटेल) सिरिंजने मोजून पाजा. त्याच वेळी आईलाही औषध द्या.

हो, आणि शी लगेच उचला. त्यातली अंडी काही आठवड्यांत संसर्गाला तयार होतात, आणि त्याच मातीत आपली पोरं खेळतात.