विनाशुल्क, पण बिनखर्चाचे नव्हे

अहिल्यानगरचे, म्हणजे २०२४ पर्यंतच्या अहमदनगरचे, जिल्हा वाचनालय १८३८ सालचे. अशा वाचनालयांत विनाशुल्क व्याख्यान वा मुलांसाठी कथाकथन होते, तेव्हा वर्गणीची पावती कोणी विचारीत नाही. ऊसतोड मजुराचा मुलगा वकिलाशेजारी सतरंजीवर बसू शकतो. जिल्ह्यात अशा जागा फार नाहीत.

परंतु सतरंजी, वीज, वक्त्याचे एस.टी. भाडे यांचे पैसे कोणी तरी देतच असतो, आणि ओढाताण अखेरीस तुटपुंज्या वेतनावर राबणाऱ्या ग्रंथपालाच्या वाट्याला येते. १९६७ च्या महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय अधिनियमाने वाचनालयांना वर्गवारीनुसार अनुदान दिले. मद्रासने १९४८ साली आणि तत्कालीन म्हैसूर राज्याने १९६५ साली मालमत्ता करावर ग्रंथालय उपकर बसविला. महाराष्ट्राच्या कायद्याने तो टाळला. अनुदान सरकारच्या मर्जीने वाढते वा रखडते. उपकराचा पैसा ग्रंथालयासाठीच राखलेला असतो. (घरपट्टी वाढली की पहिला मोर्चा आपलाच निघतो, हेही प्रांजळपणे मान्य करावयास हवे.)

तेव्हा उपकराची मागणी करताना लहान घरांना सूट मागावी. तोपर्यंत नगरपालिकांच्या अंदाजपत्रकांत वाचनालयांच्या कार्यक्रमांसाठी स्वतंत्र तरतूद व्हावी, यासाठी प्रत्येक तालुक्यातील कार्यकर्त्यांनी निवेदने द्यावीत. ती देताना ग्रंथपालांना बरोबर घ्यावे.