अकरा महिन्यांचे बिऱ्हाड

नांदेड, लातूर किंवा यवतमाळहून पुण्यास बदलून येणाऱ्या कुटुंबाची नोकरी बहुधा आधीच ठरलेली असते. धास्ती असते ती जागेची. वाकडपासून हडपसरपर्यंत एजंटामागून हिंडून, काही महिन्यांच्या भाड्याइतकी अनामत, महिनाभराच्या भाड्याइतकी दलाली आणि करारनाम्याचा खर्च असा सारा भरणा एकदम केल्यावर जी जागा त्यांच्या पदरी पडते, ती मिळते अवघ्या अकरा महिन्यांच्या मुदतीने. ही अकरा महिन्यांची वहिवाट ज्या भयातून जन्मली ते भय एके काळी खरे होते हे मला मान्य आहे; परंतु त्याचे कारण नष्ट होऊन पाव शतक लोटले तरी त्याची किंमत नवागतांनी मोजत राहावे, हे मला अन्यायाचे वाटते.

घरमालकांचा पक्ष प्रथम मांडला पाहिजे. पहिल्या महायुद्धाच्या टंचाईत, १९१८ साली, मुंबईत भाडेनियंत्रण आले आणि १९४७ च्या मुंबई भाडे नियंत्रण कायद्याने भाडी अशी गोठवली गेली, की पुढे कित्येक इमारतींचे भाडे दुरुस्तीच्याही खर्चास पुरेना. त्यातून मालकांनी भाडेपट्ट्याऐवजी ‘लिव्ह अँड लायसन्स’ हा परवान्याचा मार्ग शोधला; तथापि १ फेब्रुवारी १९७३ रोजी ज्यांचा परवाना चालू होता त्यांना विधिमंडळाने भाडेकरूचा दर्जा बहाल केला, आणि ज्याला आपण तात्पुरता ठेवला तो आता कायमचा राहणार, हे असंख्य मालकांना एकाएकी कळून आले. आयुष्याच्या कमाईतून घेतलेली खोली हातची गेल्याच्या कथा ज्या घराने ऐकल्या, त्या घराने पुढे जागा कुलूपबंद ठेवली तर त्याला दोष कोणी द्यावा? २०११ च्या जनगणनेत देशाच्या नागरी भागात १ कोटीहून अधिक घरे रिकामी आढळली. त्यांमागे कारणे पुष्कळ असतील, परंतु हे भय त्यांतले एक आहे, याविषयी मला शंका नाही.

आता सध्याचा कायदा पाहू. ३१ मार्च २००० पासून अमलात असलेल्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियमाने परवान्याची मुदत संपताच सक्षम प्राधिकाऱ्याकडून कबजा परत मिळवण्याचा अधिकार मालकास दिला आहे. मुदतीनंतर जागा अडवून बसणाऱ्यास परवाना शुल्काच्या दुप्पट दराने नुकसानभरपाई द्यावी लागते, लेखी करारनामा हा त्यातील मजकुराचा निर्णायक पुरावा मानला जातो, आणि रहिवाशाला दाव्यास उत्तर द्यायचे झाल्यास तीस दिवसांत प्रतिज्ञापत्र करून परवानगी मागावी लागते. मालकाचे याहून भक्कम संरक्षण कोणते असू शकेल! हे संरक्षण अकरा महिन्यांच्या करारास जसे लागू आहे तसेच तीन वर्षांच्या करारासही आहे. अकराचा आकडा रूढ झाला तो मुख्यतः एवढ्यासाठी, की १९०८ च्या नोंदणी कायद्यान्वये वर्षाहून अधिक मुदतीचे भाडेपट्टे नोंदवावे लागत. परंतु आपल्या राज्यात महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियमाच्या कलम ५५ ने प्रत्येक करार, मुदत कितीही असो, लेखी आणि नोंदणीकृत असणे बंधनकारक केले असल्याने ती सवलत येथे उरलेलीच नाही. उलट नोंदणी करून घेण्याची जबाबदारी मालकावर आहे, ती टाळल्यास दंडाची किंवा कैदेची तरतूद आहे, आणि लेखी करार नसेल तर अटींबाबत भाडेकरूचे म्हणणे, विरुद्ध सिद्ध होईतो, ग्राह्य धरले जाते.

या अकरा महिन्यांच्या वहिवाटीचा भार कुटुंबावर कसा पडतो हे पाहण्यास मुलांच्या शाळेकडे पाहावे. जूनमध्ये बालकास जवळच्या शाळेत घातले, रिक्षावाल्या काकांशी त्याची ओळख झाली, शेजारी सवंगडी मिळाले, की भर उन्हाळ्यात मुदत सरते. मालक भाडे वाढवून मागतो किंवा जागा विकायला काढतो, आणि पुन्हा टेम्पो, पुन्हा दलाली, पुन्हा गॅसजोडणीचा आणि आधारचा पत्ता बदलणे सुरू होते. आईवडील सोबत असतील तर त्यांचे डॉक्टरही बदलतात. अनामतीचे पैसे तर बिनव्याजी अडकून असतातच. मुद्रांक शुल्क आकारताना शासन मात्र त्या अनामतीवर सालिना १० टक्के व्याज गृहीत धरते. म्हणजे त्या रकमेचे मोल सरकारला ठाऊक आहे, आणि ते ज्याच्या खिशातून जाते त्यालाच त्याचे काही मिळत नाही.

म्हणून नवागतांना माझी कळकळीची विनंती आहे, की घाईने बयाणा देऊ नये. जागा खरोखर त्या गृहस्थाच्या नावावर आहे की नाही हे नोंदणी कार्यालयाच्या ‘इंडेक्स टू’ उताऱ्यावरून आणि मालमत्ता कराच्या पावतीवरून पाहावे, पाणी किती वेळ येते ते शेजाऱ्यांना विचारावे, सोसायटीचा देखभाल खर्च कोणाकडे, मुदतीपूर्वी सोडल्यास काय, रंगकामाची वजावट किती आणि अनामत कोणत्या दिवशी परत, हे सारे करारनाम्यात लिहवून घ्यावे.

सोसायट्यांबद्दलही लिहिले पाहिजे. सदस्याने सदनिका भाड्याने दिल्यास बिगरभोगवटा शुल्क सेवाशुल्काच्या १० टक्क्यांहून अधिक आकारू नये, असा शासनाचा आदेश २००१ पासून आहे. तरीही अविवाहित मुलगी, एकटी आई किंवा अन्य धर्माचा गृहस्थ आला की त्याचे आडनाव आणि त्याच्या ताटातले अन्न यांची चौकशी करून त्याला दारातूनच परतवणाऱ्या समित्या मी पाहिल्या आहेत, आणि त्या वर्तनाला मी निष्ठुर याखेरीज दुसरे विशेषण लावू शकत नाही.

ज्या मालकांचे फ्लॅट आज रिकामे आहेत त्यांनी ते तीन वर्षांच्या नोंदणीकृत कराराने, दरवर्षीची वाढ आरंभीच लिहून, द्यावेत. पाच वर्षांपर्यंतच्या करारालाही मुद्रांक शुल्काचा दर ०.२५ टक्के इतकाच आहे.