छाट बिडी आणि माणसांची पारख

चांगली माणसे मिळत नाहीत, मिळालीच तर टिकत नाहीत, ही तक्रार पेढीवर, शाळेत आणि स्वयंपाकघरात सारखीच ऐकू येते. तिच्यावरील उपाय शोधण्यास फार दूर जावयास नको. भंडारा जिल्ह्यातील बिडीचा जुना धंदा पाहिला तरी पुरे.

कारखानदार सट्टेदारामार्फत तेंदूचे पान आणि तंबाखू देतो. घरोघरच्या स्त्रिया पाने भिजवून, कातरून बिड्या वळतात. मजुरी हजारी दराने. पुढे मोजदाद होते, आणि जी बिडी पसंतीस उतरत नाही ती ‘छाट’ म्हणून बाजूस पडते. धन्याची खरी नियत येथेच दिसते. पानच सडके दिले, तर बिडी चांगली कशी उतरावी? आणि त्या छाटीची मजुरी कापली, तर दोष कोणाचा आणि दंड कोणास? 1966 च्या बिडी व सिगार कामगार कायद्याने कच्चा माल, छाट आणि तिची मजुरी यांवरील तंट्यांच्या निवाड्याची सोय केली, ती उगाच नव्हे.

पुढे 1977 साली या धंद्यास भविष्यनिर्वाह निधी लागू झाला, तेव्हा ‘घरी बिडी वळणारी आमची नोकरच नव्हे’ असा पवित्रा कारखानदारांनी घेतला. 1985 साली सर्वोच्च न्यायालयाने तो अमान्य केला. निकालाचा आशय असा की, माल नापसंत करण्याचा हक्क ज्याचा, कामावरील देखरेखही त्याचीच. म्हणून वळणारी त्याचीच नोकर.

आम्हांस या निकालात मोठे व्यवहारज्ञान दिसते. दोष काढण्याचा अधिकार ज्याने घेतला, त्याने सांभाळण्याचे कर्तव्यही घेतलेच. उचल देऊन माणूस बांधता येतो, टिकवता येत नाही. कर्ज फिटेपर्यंत तो राहतो, मन मात्र केव्हाच निघून गेलेले असते. माणूस टिकतो तो चांगल्या साधनांनी, ठरल्या दिवशी मिळणाऱ्या पुरत्या दामाने, चूक समजावून सांगणाऱ्या शब्दाने आणि आजारपण-म्हातारपणाच्या तरतुदीने. अशा ठिकाणी नव्या माणसास निमंत्रण धाडावे लागत नाही. सुखाने राहिलेला जुना माणूसच त्यास घेऊन येतो.

कारखानदारांस हा उपदेश करणे सोपे आहे. परंतु भांडीवाली आणि स्वयंपाकीण यांचे धनी आपणही आहोतच. वाचकांनी आपल्या घरची हिशेबाची वही उघडून पाहावी. खाड्यांच्या फुल्या जितक्या काळजीने मांडल्या आहेत, तितक्याच काळजीने पाहुणे आले त्या दिवसांचे जादा काम मांडले आहे काय?